मदत हवी आहे: मायग्रेनचं इंजेक्शन भर उन्हाळ्यात गावापर्यंत थंड कसं आणायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही पांढरकवड्याजवळच्या खेड्यात राहतो. बायकोचं महिन्यातले दहा-बारा दिवस अर्धशिशीनं डोकं उठतं. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट, तिन्ही गोळ्या तीन-तीन महिने घेऊन झाल्या. टोपिरामेटनं तर तिला बोलताना साधे शब्द आठवेनात. आता नागपूरच्या डॉक्टरांनी एरेनुमॅब हे अर्धशिशी टाळायचं इंजेक्शन ७० मि.ग्रॅ. लिहून दिलंय, महिन्यातून एकदा, कातडीखाली. बीपी नॉर्मल आहे, गरोदर नाही. टोचायचं तिला शिकवलंय, त्याची काळजी नाही.

अडचण थंडाव्याची आहे. हे २ ते ८ अंशांत ठेवायचं, आणि गोठलं की वाया. एसटीनं चार तास लागतात, मे महिन्यात पारा ४५ वर. मागे शेजारच्या काकांचं इन्सुलिन थर्मासात बर्फात घालून आणलं, तर कुपीला बर्फ चिकटून आतलं औषध गोठलेलं निघालं. घरी फ्रिज आहे, पण दुपारी लाइन चार-पाच तास जाते. एवढं महाग इंजेक्शन असं घालवणं परवडणार नाही.

असं इंजेक्शन उन्हाळ्यात खेड्यावर कोणी आणता का? डबा कोणता घेता, बर्फ आणि इंजेक्शनच्या मधात काय ठेवता, आणि लाइन गेल्यावर फ्रिजमधलं तापमान कशानं बघता?