रीमा लागू ‘आई’च्या भूमिकांत वाया गेल्या, हे म्हणणे मला मान्य नाही

धरमपेठवासी
परवा आपल्या या मंचावर एका सदस्याने लिहिले की, रीमा लागू यांनी रंगभूमीवर कमावलेले सारे हिंदी चित्रपटांतल्या आयांवर आणि मालिकांतल्या विनोदावर उधळून टाकले आणि अखेर त्या ‘सलमानची आई’ एवढ्याच उरल्या. दोन दिवस मी गप्प राहिलो, पण हे वाक्य काही डोक्यातून जाईना. मंदाकिनी भडभडे यांच्यासारख्या रंगभूमीवरच्या आईची ही मुलगी. बँकेतली नोकरी सांभाळून तिने नाटके केली, जयवंत दळवींच्या ‘पुरुष’मध्ये अंबिका उभी केली, ‘आक्रोश’ आणि ‘कलयुग’ हे चित्रपट केले. ती १९८९ च्या ‘मैंने प्यार किया’मध्ये सलमानची आई झाल्यानंतर अभिनय विसरली असे म्हणायचे आहे का? ‘हम आपके हैं कौन’मध्ये १९९४ साली त्या दोन उपवर मुलींच्या आई होत्या. त्याच सुमारास ‘श्रीमान श्रीमती’मध्ये त्या कोकिळा कुलकर्णी होत्या, जिच्यासाठी शेजारचा दिलरुबा झुरत असे. चित्रपटाने ज्या बाईला वयस्क ठरवले, तिला मालिकेने हवीहवीशी स्त्री म्हणून उभे केले. मग कारकीर्द मालिकांनी आक्रसली की रुंदावली, याचे उत्तर ज्याने त्याने द्यावे.

महालातली
काका, आपण कोकिळेचे कौतुक केलेत, पण मूळ अन्यायाला वळसा घालून पुढे गेलात. ‘मैंने प्यार किया’च्या वेळी रीमाताई ३१ वर्षांच्या होत्या आणि पडद्यावरचा त्यांचा मुलगा सलमान खान प्रत्यक्षात त्यांच्याहून अवघा सात वर्षांनी लहान होता. ‘वास्तव’मध्ये ज्याची आई झाल्या, तो संजय दत्त त्यांच्याहून जेमतेम एका वर्षाने लहान. मालिकेचेही तेच, कारण ‘तू तू मैं मैं’मधली सून सुप्रिया पिळगावकर आणि सासू रीमाताई यांच्यात नऊच वर्षांचे अंतर होते. हे मी रागाने लिहीत आहे, कारण माझ्या बाबतीत असेच घडले आहे. राज्य नाट्य स्पर्धेसाठी एका संस्थेत मी नायिकेच्या भूमिकेची तालीम करत होते. बाळंतपणानंतर परत गेले, तेव्हा दिग्दर्शकाने माझ्याहून दोन वर्षांनी लहान असलेल्या मुलाच्या आईची भूमिका माझ्या हाती दिली आणि वर ‘तुझ्या चेहऱ्यावर आता वात्सल्य आले आहे’ असे सांगितले. तेव्हा मी ३३ वर्षांची होते. त्या दिवसापासून ‘तिने आईची भूमिका किती छान केली’ हे वाक्य मला प्रशंसा वाटत नाही.

सीताबर्डीकर
ताईंचे दुःख मी समजू शकतो, परंतु मूळ मुद्दा नाटकाचा आहे. नोकरीनिमित्त मी मुंबईत असताना दादरला शिवाजी मंदिरात ‘पुरुष’ पाहिले आहे. समोर नाना पाटेकर असतानाही अंबिका त्या रंगमंचावर तसूभरही मागे हटत नव्हती. ज्यांनी ते पाहिलेले नाही, त्यांनी मालिकांच्या बळावर या अभिनेत्रीचे मोजमाप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्रिमूर्तीनगर
‘ज्यांनी पाहिलेले नाही’ म्हणजे कोण, हेही स्पष्ट लिहा! म्हणजे आम्हीच ना? मुंबईहून नागपूर आठशे किलोमीटरहून लांब आहे. नेपथ्याचा ट्रक वेगळा निघतो, कलावंत विदर्भ एक्सप्रेसने येतात, एका प्रयोगासाठी दोन-तीन दिवस मोडतात, आणि म्हणून पुण्याला दहा प्रयोग होतात तेव्हा आमच्याकडे एखादा झाला तर झाला. माझ्या आईने आयुष्यात एकही व्यावसायिक नाटक पाहिले नाही. संधिवाताने ती घरात अडकलेली होती आणि केबलवर ‘तू तू मैं मैं’ लागले की आजी आणि ती, दोघी सासू-सुना, एकाच पलंगावर बसून रीमाताईंच्या सासूला, देवकीला, हसत असत. त्या अर्ध्या तासापुरते आमच्या घरातले भांडण थांबत असे. रीमाताईंचा अभिनय आमच्या घरी पोहोचला तो याच मार्गाने, आणि तो कमी दर्जाचा होता हे मी दादरच्या प्रेक्षकाकडून ऐकून घेणार नाही.

वर्धा रोड
अंतराला दोष देणे सोपे आहे. मी काही वर्षे इथे नाटकांचे प्रयोग लावले आहेत, त्यामुळे दुसरी बाजूही सांगतो. देशपांडे सभागृहात प्रयोग असला की आठवडाभर आधी फोन सुरू होतात आणि त्यांतले निम्मे तिकिटासाठी नसून पाससाठी असतात. पहिल्या रांगा फुकट बसणाऱ्यांनी भरायच्या आणि नंतर ‘नागपूरला नाटके येत नाहीत’ म्हणून हळहळायचे, हे मी पदरचे पैसे घालून अनुभवले आहे.

त्रिमूर्तीनगर
पास मागणारे सिव्हिल लाइन्समधले असतील. त्यांच्या पापाचे खापर सगळ्या विदर्भावर फोडू नका. दिवाळीनंतर वडसा, गडचिरोली, चंद्रपूरकडे जाऊन पाहा. पूर्व विदर्भातल्या त्या झाडीपट्टीत लोक तिकीट काढून थंडीत रात्रभर मंडपात बसतात आणि पहाटे घरी जातात.

वर्धा रोड
झाडीपट्टीचे मान्य करतो. तिथला प्रेक्षक आमच्यापेक्षा प्रामाणिक आहे. पासांविषयी मात्र मी एक शब्दही मागे घेणार नाही.

महालातली
आपण सर्वांनी मिळून ट्रक, पास आणि मंडप यांवर इतके लिहिलेत की, ज्या बाईंसाठी धागा उघडला त्या मागेच राहिल्या. मी विचारलेल्या प्रश्नाला कोणीही उत्तर दिलेले नाही. चाळिशीआधीच एवढ्या ताकदीच्या अभिनेत्रीपुढे आई आणि सासू एवढेच प्रामुख्याने का ठेवले गेले? साहाय्यक अभिनेत्री म्हणून फिल्मफेअरचे चार वेळा नामांकन मिळाले आणि पुरस्कार एकदाही नाही, यालाही आपण ‘रुंदावलेली कारकीर्द’ म्हणणार का?

सीताबर्डीकर
ताई, आपला हा प्रश्न रास्त आहे. माझे ‘ज्यांनी पाहिलेले नाही’ हे शब्द उद्धटपणाचे होते, तेही मागे घेतो. नाटक श्रेष्ठ, हे मत मात्र कायम आहे.

धरमपेठवासी
माझ्याकडून उत्तर द्यायचे राहिले होते. काल रात्री ‘वास्तव’ पुन्हा पाहिला. आई स्वतःच्या मुलावर गोळी झाडते त्या प्रसंगात चाळिशीची अभिनेत्री आणि तिच्याच वयाचा अभिनेता समोरासमोर आहेत, हे यापूर्वी इतक्या वेळा पाहूनही माझ्या मनात आले नव्हते. आजवर मी ते त्यांच्या अभिनयाचे यश मानत होतो आणि अजूनही मानतो. १७ मे २०१७ रोजी, मृत्यूच्या आदल्या दिवशीही, त्या ‘नामकरण’च्या चित्रीकरणावर होत्या. त्या मालिकेतली दयावंती मेहता कठोर होती, गोड आई नव्हती, त्यामुळे ‘वाया गेल्या’ हा शब्द मला आजही खोटाच वाटतो. परंतु त्यांना मिळायला हव्या होत्या त्या भूमिका त्यांच्यापर्यंत आल्या नाहीत, हे आपले म्हणणे मला मान्य करावे लागत आहे, आणि ते मी पहिल्याच परिच्छेदात लिहायला हवे होते.