आजी पैसे मोजते पोर्तुगीजमध्ये आणि भांडते कोकणीत, हे कसं काय?

दादरची_खिडकी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबण लावून विचारतेय, सांभाळून घ्या.

माझी ऑफिसातली मैत्रीण गोव्यातल्या सासष्टीतली, ख्रिश्चन. मागच्या महिन्यात तिच्या घरी चार दिवस राहून आले. तिची आजी ८८ वर्षांची, कान एकदम तिखट. मासेवालीशी घासाघीस चालते ती अस्सल कोकणीत, पण नोटा मोजायला घेतल्या की ओठातल्या ओठात उं, दोयश, त्रेश, क्वात्रु सुरू! रोजची प्रार्थना कोकणीत, पण पुस्तक रोमी लिपीतलं. देवनागरी पाटी दिसली की मलाच विचारायची, "किदें बरयलां गो?" मैत्रीण आजीशी कोकणी बोलते, आईशी इंग्लिश, आणि तिच्या मुलाला फक्त इंग्लिशच येतं. एका घरात चार पिढ्या आणि असा सगळा कारभार.

आम्हाला शाळेत बाटवाबाटवीपलीकडे काही शिकवलं नाही. पोर्तुगीजांनी भाषेवर बंदी घातली होती हे खरं का, आणि खरं असेल तर आजीपर्यंत कोकणी पोचली कशी?

(कोकणी ही भाषा की मराठीची बोली यावर इथे प्लीज सुरू होऊ नका. त्याचे धागे आहेत ढीगभर.)

गोयकानडी

बंदी खरी. २७ जून १६८४ ला व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर याने फर्मान काढलं की लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायचं, मुदत ३ वर्षं. आदल्याच वर्षी संभाजीराजांनी गोव्याला घाम फोडला होता, म्हणजे सरकार कोणत्या मूडमध्ये असेल ते बघा. पण मागे पाद्र्यांचं पण राजकारण होतं. सासष्टीतले जेझुइट भाषा शिकून घ्यायचे, बार्देशातल्या फ्रान्सिस्कन लोकांना त्याचा कंटाळा, मग सोपा उपाय काय तर आपण शिकण्यापेक्षा सगळ्या रयतेलाच पोर्तुगीज शिकवा! १७४५ ला तर आर्चबिशपने हुकूम काढला की पोर्तुगीज येत नसेल तर लग्नच लावायचं नाही.

गंमत अशी की याच पाद्र्यांनी आधी उलटं केलं होतं. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ चं, आपल्याकडे मराठीची थोरवी सांगायची झाली की त्यातल्याच ओव्या काढतात. ते राशोलला छापलं, पण रोमन अक्षरात, कारण देवनागरीचे खिळेच नव्हते. कोकणीचं छापील व्याकरण पण त्याचंच, १६४० चं, तो गेल्यावर निघालं. म्हणजे ओव्या छापल्या आणि ६८ वर्षांनी त्याच राज्यात "तुमची भाषा बंद".

फर्मानाने बोलणं काही बंद झालं नाही. सरकारी माणूस स्वयंपाकघरात, शेतात, होडीवर कुठेकुठे बसणार? गेलं ते लिहिणंवाचणं. गोव्यात गोयकानडी नावाची लिपी होती, गावकरीचे, म्हणजे गावाच्या सामाईक कारभाराचे, जुने कागद त्यात आहेत, आज ती वाचणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. (आयडी तिच्यावरूनच घेतलाय. मला पण अडखळतच येते.) जुन्या पोथ्या देवळांबरोबर गेल्या. सोळाव्या शतकातल्या कोकणीतल्या रामायण-महाभारताच्या गोष्टी आज कुठे आहेत माहितीये? पोर्तुगालमध्ये, ब्रागाच्या लायब्ररीत! पाद्र्यांनी भाषा शिकायला म्हणून रोमन अक्षरात उतरवून घेतल्या होत्या म्हणून वाचल्या. ज्यांच्या राज्यात पोथ्या जाळल्या त्यांच्याच घरी नकला शिल्लक.

आंबेमोहोर७२

छान माहिती, पण मला हे सगळं परक्यांच्या नावावर बिल फाडणं वाटतं. भाषा कोणी मारत नाही, लोक स्वतः सोडतात. फोंड्यात, पेडण्यात मराठी शाळा, कीर्तनं, नाटकं सगळं चालू होतंच की.

गोयकानडी

@आंबेमोहोर७२ फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी या नव्या काबिजादी, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे आल्या. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. आधीचे दोनेकशे वर्षं जे काय झालं ते तिसवाडी, बार्देश, सासष्टीत झालं. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली ती हौस म्हणून नाही गेली. देव नदीपलीकडे गेले तसे पोथी वाचणारे पण गेले, अलीकडे जे राहिले त्यांच्याकडे नुसतं बोलणं राहिलं. फोंड्याचं उदाहरण देऊन सासष्टीचा हिशोब नका मांडू.

मडगांवचो

मराठी लिहायची सवय नाही, चूकभूल माफ. धागाकर्तीची आजी म्हणजे माझी आजीच वाटली.

आमच्याकडे पोर्तुगीज नुसती सरकारची भाषा नव्हती, वरच्या लोकांची भाषा होती. मोठ्या घरात दिवाणखान्यात पोर्तुगीज आणि स्वयंपाकघरात कोकणी. कोकणी म्हणजे चाकरांशी बोलायची, हे पोरांच्या डोक्यात लहानपणीच बसायचं. फर्मानापेक्षा ह्या लाजेने जास्त घात केला, हे माझं मत. याला एकदम वेगळं बोलणारा माणूस पण पोर्तुगीजच निघाला, कुन्हा रिव्हारा. १८५५ ला सरकारचा सचिव म्हणून आला आणि कोकणीच्या बाजूने लिहून गेला, शाळेत शिकवा म्हणाला. आमच्यातल्याच शिकलेल्यांना ते कितपत पटलं देव जाणे.

कोकणी लिहिती राहिली ती बरीचशी गोव्याबाहेर. पहिलं कोकणी नियतकालिक 'उदेंतेचें साळक' १८८९ ला पुण्यात निघालं. पहिला तियात्र, म्हणजे आमचं गाण्यांचं कोकणी नाटक, १८९२ ला मुंबईत. मुंबईत धोबीतलावला गोंयकारांच्या कुडांमध्ये, म्हणजे एकत्र राहायच्या खोल्यांमध्ये, खलाशी नि आचारी राहायचे, त्यांनी ही भाषा सांभाळली, दिवाणखान्यातल्यांनी नाही.

आणि एक खरी गोष्ट सांगतो. माझ्या डॅडीला पोर्तुगीज शाळेत कोकणी बोलल्याबद्दल कोणी मारलं नाही. मला मात्र दंड झाला, १९७८ ला, इंग्लिश मिडियमच्या शाळेत, दर शब्दाला १० पैसे. पोर्तुगीज जाऊन १७ वर्षं झाली होती. मी "उदक" म्हटलं होतं, तहान लागली होती म्हणून. दहा पैसे गेले आणि पाणी पण घंटा झाल्यावर मिळालं.

रेवदंड्याची_बस

रच्याकने, कोर्लई कोणालाच कशी आठवली नाही? अलिबागच्या खाली, रेवदंड्याचा पूल ओलांडला की. तिथल्या ख्रिस्ती वाड्यात अजून पोर्तुगीजची एक मिसळ भाषा बोलतात, तिला ते 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. माणसं बरीचशी इथल्याच मातीतली, धर्म बदलला, हळूहळू जुनी भाषा सुटली. पोर्तुगीज शेजारचं चौल सोडून गेले १७४० ला, वसई पडली त्याच्या पुढच्या वर्षी, पण भाषा तिथेच राहिली. शब्द पोर्तुगीज आणि वाक्याची ठेवण आपली, क्रियापद मराठीसारखं शेवटी. बोलणारे हजाराच्या आतबाहेर, पोरं शाळेत मराठी शिकतात, चर्चमध्ये पण मराठी.

तिथल्या एका काकांना मी विचारलं होतं, तुमची मूळ भाषा तर मराठी ना? म्हणाले, "ती पणजोबांच्या पणजोबांची. माझी आई ज्यात रागवायची ती ही." मला काही पुढे बोलता आलं नाही. आता मराठीमुळे नो लिंग चाललीये आणि यावेळी परकं राज्य वगैरे काही नाही.

आंबेमोहोर७२

कोर्लईचं माहीत नव्हतं. गोयकानडी, काबिजादींचा मुद्दा मान्य. पण १९७८ चे दहा पैसे माझ्या बाजूचे आहेत हं :)

मडगांवचो

घ्या. पण ती लाज कोणाच्या राज्यात तयार झाली ते पण लिहून ठेवा.

दादरची_खिडकी

सगळ्यांचे आभार! काल मैत्रिणीला फोन करून आजींना विचारायला लावलं की मोजणं तेवढं पोर्तुगीजमध्ये का. हसल्या म्हणे. पाढे शाळेत पोर्तुगीजमध्ये घोकले, ताबुआदा, चुकलं की हातावर छडी, मग आता दुसऱ्या भाषेत आकडे येतच नाहीत. भाव मात्र कोकणीतच करते, कारण पोर्तुगीजमध्ये भांडायला कोणी शिकवलंच नाही!

बाय द वे, कोर्लईला शनिवारी जावं म्हणतेय, रेवदंड्याहून रिक्षा मिळेल ना?

रेवदंड्याची_बस

मिळते, जायच्या आधी भाडं ठरवा. आणि किल्ला सकाळीच चढा, वर सावली नाही.