मदत हवी आहे : पणजोबांच्या वह्या आणि मोडीतली पत्रं

नमस्कार मंडळी. काटोलकडच्या आमच्या जुन्या घराचे कवेलू उतरवताना माळ्यावर पत्र्याची पेटी सापडली. आत पणजोबांच्या चार वह्या आणि पत्रांचा गठ्ठा. वह्या बाळबोधीत आहेत, वाचता येतात. पऱ्हाटी किती निघाली, सालदाराला जवारी किती दिली, कोणता बैल लंगडला. मधेच एका पानावर फक्त ‘धाकटी गेली’ एवढंच. ही धाकटी कोण, घरात कोणालाच सांगता येत नाही, नव्वदीतल्या मोठ्या आईलाही नाही. ते पान डोक्यातून जात नाही.

वहीवर फसली (जुनं महसुली साल) १३३५ आहे. ५९० मिळवून मी १९२५-२६ धरलं, बरोबर ना?

पत्रं मात्र मोडीत आहेत. नागपुरात मोडी नीट वाचणारं कोणी माहीत आहे का? मूळ कागद हातचे सोडवत नाहीत, फोटो पाठवीन.

आणखी एक. गाव मालगुजारीतलं (गावाचा सारा मालगुजार गोळा करून सरकारात भरायचा ती पद्धत), ती १९५१ मध्ये संपली. १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखात, म्हणजे जमिनीच्या हक्कांच्या नोंदीत, आजोबांचं नाव मिळालं. त्याआधीची बंदोबस्ताची मिसल (जमीन मोजून सारा ठरवतानाचे गावचे कागद) कुठे आणि कशी मागायची? कोणी काढली असेल तर अर्जात काय लिहिलं तेही सांगा. मोठ्या आईला हे सगळं वाचून दाखवायचं आहे.