मुंबईचं एफएम कोणी बिघडवलं: श्रोत्यांनी की लायसन फीने?

लॉगवाला: "एफएमवरून इंग्रजी गेलं, जिकडेतिकडे तीच दहा हिंदी गाणी, कारण मुंबईकराची आवडच उथळ झाली." माटुंगेकरांचं हे कालचं ज्ञान वाचून गप्प बसवेना. आवड राहू द्या, आधी हिशेब बघा.

१९९३ ते ९८ या काळात टाइम्स एफएम आणि रेडिओ मिड-डे आकाशवाणीकडून तासांचे पट्टे विकत घेत. ट्रान्समीटर सरकारचा, पैसे घेतलेल्या तासांपुरते. इंग्रजी पॉप त्यात परवडायचं. २००२ साली मुंबईत खासगी स्टेशनं आली ती लिलावातून. लायसन फी वर्षाला ९.७५ कोटी, शिवाय दरवर्षी १५ टक्के वाढ. म्हणजे दुसऱ्या वर्षी ११.२१ कोटी, तिसऱ्या वर्षी १२.८९ आणि सहाव्या वर्षी साडेएकोणीसच्या वर. जाहिरात मिळो न मिळो. इंग्रजीकडे झुकलेलं गो ९२.५ पुढे रेडिओ वन ९४.३ झालं आणि हिंदीकडे वळलं. विन ९४.६ तर बंदच पडलं. यात श्रोत्याच्या उथळपणाचा संबंध कुठे आला?

माटुंगेकर: छान. पण २००५ च्या धोरणात ती फी गेली आणि उत्पन्नाच्या ४ टक्क्यांवर आली, हे सोयीस्करपणे गाळलंत. त्यानंतर स्टेशनं वाढली, विविधता का नाही वाढली? तेव्हा ९१.१, ९२.७, ९३.५, ९४.३ असा काटा फिरवला तरी गाणं तेच.

लॉगवाला: गाळलं नाही, तिकडेच येत होतो. वार्षिक फी उतरली, पण प्रवेश शुल्क एकरकमी आणि आधी भरायचं होतं. त्यात २००७ पासून रॅमची, म्हणजे रेडिओचे श्रोते मोजणाऱ्या पाहणीची, डायरी आली. पाव-पाव तासाच्या चौकटीत श्रोत्याने स्टेशन लिहायचं, तेही आठवून. आठवतं काय? ज्याचं नाव सारखं कानावर आदळतं ते, आणि जिथे ओळखीचं गाणं लागलं ते. अनोळखी गाणं लावणं म्हणजे पाव तास दुसऱ्याला आंदण देणं.

जुन्या गाण्यांची स्टेशनं आली तीही कोणाला अचानक रसिकता सुचली म्हणून नाही. एफएम लायसन वाटपाच्या तिसऱ्या टप्प्यात एका मालकाला एकाच शहरात एकाहून जास्त चॅनल घ्यायची मुभा मिळाली. दुसऱ्यावरही नवीच गाणी लावली तर स्वतःचाच श्रोता फुटणार. फीवर एफएमवाल्यांचं जुन्या गाण्यांचं रेडिओ नशा ९१.९ त्यातूनच आलं.

अस्मिता५५८: इंग्रजी, हिंदी, नवी, जुनी. मराठीचं नाव एकाच्याही तोंडी नाही! राजधानी महाराष्ट्राची आणि आकाशवाणीच्या मराठी अस्मिता वाहिनीला जागा मिडियम वेव्हवर, ५५८ किलोहर्ट्झला. मोबाइलमध्ये मिडियम वेव्ह लागतं का? एफएमला इअरफोनची वायर अँटेना म्हणून पुरते. मिडियम वेव्हला आत फेराइटची कांडी लागते, ती फोनमध्ये बसवतं कोण? घरी जुना ट्रान्झिस्टर लावावा तर एलईडी दिवा आणि चार्जर मिळून नुसती खरखर. दिवा बंद करून अंधारात ऐकायचं का? आणि वर म्हणायचं, मराठीला श्रोता नाही.

माटुंगेकर: धागा फॉरमॅटचा, म्हणजे स्टेशनवर कोणत्या धाटणीची गाणी लागतात त्याचा आहे हो, अस्मितेचा नाही.

अस्मिता५५८: तुमच्या इंग्रजी पॉपसाठी गळा काढला की तो फॉरमॅट, आम्ही मराठी म्हटलं की अस्मिता. वा!

क्लॉकमास्तर: दोघेही शांत व्हा. खासगी स्टेशनांवर मराठी "चालत नाही" म्हणतात, त्यात निम्मा दोष शेड्यूलिंगचा आहे. तासाला दोन जागा मराठीला दिल्या आणि यादीत १२ गाणी ठेवली, तर फेरी बरोबर ६ तासांत संपते. सकाळी ८ ला लागलेलं गाणं २ ला, रात्री ८ ला, मध्यरात्री २ ला आणि उद्या सकाळी पुन्हा ८ ला. ऑफिसला निघणाऱ्याला रोज तेच गाणं. तो कंटाळणारच, मग रिपोर्टात "मराठी बर्न झालं", म्हणजे ऐकून ऐकून विटलं. यादी १३ ची करा, फेरी साडेसहा तासांची होते आणि गाणं रोज सरकतं. हिंदीच्या पॉवर यादीत, म्हणजे सर्वात जास्त वाजणाऱ्या गाण्यांच्या यादीत, ही काळजी घेतात. तिथे तासाला एक जागा असेल तर ६ न ठेवता ७ गाणी ठेवतात.

अस्मिता५५८: म्हणजे मराठीला १३ वं गाणं सापडलं नाही? धन्य.

लॉगवाला: सापडतं, पण गायकाचं अंतरही पाळावं लागतं. एकाच आवाजाची दोन गाणी तासाभरात नकोत. १३ पैकी ५ एकाच गायकाची निघाली की गाण्यांचा क्रम लावणारं सॉफ्टवेअर जागा रिकामी सोडतं. ती हाताने भरायची, आणि घाईत तिथे हिंदीच पडतं.

माटुंगेकर: बरं, फीचा मुद्दा २००५ पर्यंत मान्य. त्यापुढचा नाही. ऑगस्ट २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डाने गाण्यांची रॉयल्टी स्टेशनच्या निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के ठरवली. आधी गाणी वाजवण्याच्या तासावर पैसे होते, म्हणून आरजेची बडबड समजू शकतो. नंतर २०२० पर्यंत दहा गाणी लावा की बारा, खर्च तोच होता. तरी बडबड कमी झाली नाही. तिथे कोणती फी आडवी आली?

लॉगवाला: बडबडीतच प्रायोजकाचं नाव घुसवता येतं, गाण्याच्या मध्ये नाही. हे माटुंग्यात कळत नसेल तर कठीण आहे.

अस्मिता५५८: प्रायोजक गेले उडत. आधी ५५८ वरचं एफएमवर कधी आणणार ते बोला.