मदत हवी आहे : डिश लावली, डबा आणला, तरी टीव्हीवर मुंग्याच

काजूवाला | शुक्रवार, रात्री ९:१२
गावी आलोय. आईच्या टीव्हीवर सह्याद्री लागत नाही. डिशचा डबा (सेट-टॉप बॉक्स) एकदा बदलून आणला. दुकानदार म्हणतो दुसरापण चांगलाच आहे, तुमच्याकडंच काहीतरी घोळ आहे. दोन दिवस छपरावर चढउतार करून गुडघे गेले. रविवारी रात्री पुण्याची गाडी आहे. माहीत असेल त्यानं पटकन सांगा. "गूगल कर" म्हणू नका, इथं रेंज फक्त तुळशीपाशी येते आणि तिथं उभं राहून टायपालोय.

टिळकवाडीकर | ९:२०
केबल का डिश? डिश असेल तर कंपनीची का फुकटवाली? गाव कुठलं? टीव्ही कुठला? काहीच सांगितलं नाहीस राव.

निपाणी_फास्ट | ९:२४
रिचार्ज संपलं असणार. आमच्यात पण असंच झालं होतं.

काजूवाला | ९:३१
रिचार्जचा प्रश्नच नाही, फुकटवाली आहे, दूरदर्शनची फ्री डिश. गाव बेळगाव जिल्ह्यात, जांबोटीच्या पुढं. टीव्ही नेहमीचा. पूर्वी अँटेनावर झकास दिसायचं, मग एक दिवस एकदम बंद. आईनं वर क्रोशाचा रुमाल घालून ठेवला तो ठेवलाच. या खेपेला म्हटलं लावूनच जायचं.

निपाणी_फास्ट | ९:३५
अँटेना बंद पडला तो सरकारच्या डिजिटलमुळं. ३१ मार्च २०१७ ची तारीख होती. आमच्या गल्लीत त्या आठवड्यात डबे मिळेनात, लोक केबलवाल्याच्या दारात बसलेले.

टिळकवाडीकर | ९:४४
दोन गोष्टी एकत्र करू नका. २०१७ ची तारीख केबलची होती, चौथा टप्पा. पहिल्यांदा २०१२ ला मोठी शहरं, मग आणखी ३८ शहरं, मग उरलेला शहरी भाग आणि शेवटी खेडी. अँटेनाचा त्याच्याशी संबंध नाही. दूरदर्शनचे जमिनीवरचे अ‍ॅनालॉग मनोरे प्रसार भारतीनं नंतर उतरवले. मार्च २०२२ पर्यंत पन्नासएक मोक्याची ठिकाणं सोडून बाकी सगळे बंद, असं जाहीर झालं होतं. काजूवाल्याच्या आईचा टीव्ही त्यात गेला. छपरावरचा अँटेना आता नुसता कावळ्यांना बसायला.

घाटमाथा | ९:५२
जांबोटी म्हणजे झाडी. समोर फणस असेल तर तोडा. माझ्याकडं एक फांदी आडवी होती, ती छाटली आणि सगळं आलं. दुसरं काही बघायची गरज नाही.

काजूवाला | ९:५५
फणस आहे. पण तो आजोबांनी लावलेला. तोडा म्हटलं तर आधी मलाच तोडतील.

दुरुस्तीवाला_८९ | १०:०१
मुंग्या म्हणजे नक्की काय दिसालंय? पांढऱ्या-काळ्या, खर्रर्र आवाजासकट? का निळा पडदा आणि "सिग्नल नाही"?

न्यूजर्सीचे_आबा | १०:०३
मंडळी, एवढा खटाटोप कशाला? इकडे १२ जून २००९ ला सगळे अ‍ॅनालॉग बंद झाले. खरे तर १७ फेब्रुवारीची तारीख होती, पण लोकांची तयारी नव्हती म्हणून पुढे ढकलली. सरकारने घरटी चाळीस-चाळीस डॉलरची दोन कुपने दिली, त्यात डबा घेतला, जुना अँटेना तसाच ठेवला. आजही फुकट दिसते, चित्र आरशासारखे. तसा डिजिटल अँटेनाचा डबा ऑनलाइन मागवा, डिश काढून टाका.

टिळकवाडीकर | १०:११
आबा, तुमच्याकडचा डबा इथं दगडाइतकाच उपयोगी. अमेरिकेची पद्धत एटीएससी, आपली डीव्हीबी-टी२. आणि आपल्याकडं जमिनीवरून डिजिटल २०१६ ला सुरू झालं ते सोळा शहरांत. कर्नाटकातलं त्यातलं एकच, बेंगळुरू. जांबोटीत तो डबा आणून कुठलं शहर पकडणार?

न्यूजर्सीचे_आबा | १०:१५
मी अनुभव सांगितला. जपाननेही २४ जुलै २०११ ला केलेच की. भूकंप झालेले तीन प्रांत तेवढे मागे ठेवले, ते ३१ मार्च २०१२ ला. त्या आधी बर्लिनने २००३ मध्ये. आपल्याकडे नियोजनच नाही.

निपाणी_फास्ट | १०:१८
आबा, बर्लिनमध्ये फणस नसतात.

लोंढा_जंक्शन | १०:२९
वाचून जुने दिवस आठवले. आम्ही लोंढ्याला बांबू फिरवून गोव्याचं पकडायचो. मार्च-एप्रिलात काही रात्री असं स्वच्छ यायचं की शेजारचे बघायला यायचे, दुसऱ्या दिवशी परत सावल्या. अ‍ॅनालॉगचं ते बरं होतं, चित्र भुतासारखं का होईना दिसायचं, आवाज ऐकून मॅच कळायची. डिजिटलचं आलं तर पूर्ण, नाहीतर चौकोन-चौकोन होऊन गप्प. मधलं काही नाही. आणि कणकुंबीकडचा पाऊस म्हणजे डिशला रामराम. जुलैत आमची डिश रोज संध्याकाळी रुसती.

देसूरकर | १०:३६
सह्याद्रीच कशाला पाहिजे? चंदन पण फुकटच आहे, दूरदर्शनचं कन्नड, राज्याचं चॅनेल आहे, ते बघा की.

निपाणी_फास्ट | १०:३८
का? आईनं काय बघायचं ते तुम्ही ठरवणार? आधीच दुकानाच्या पाट्यांवरून…

देसूरकर | १०:४०
मी साधं विचारलो. माझी बायको कन्नड, मी मराठी, घरी दोन्ही चालतंय. तुम्हीच

संपादक | १०:४२
इथे टीव्ही. सीमाप्रश्नाचे वेगळे धागे आहेत, भरपूर आहेत. त्यापुढचे सहा प्रतिसाद काढले आहेत.

काजूवाला | १०:५०
आईला सातच्या बातम्या पाहिजेत, बास. लक्ष्मी आजींच्या घरी जाऊन बघती, पण रात्री अंधारात ओढा ओलांडून परत येती, म्हणून माझा जीव वरखाली. आता डिशबद्दल बोला.

घाटमाथा | १०:५३
फांदी.

दुरुस्तीवाला_८९ | १०:५८
माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या हो आधी.

काजूवाला | ११:०२
सॉरी काका. पांढऱ्या-काळ्या, खर्रर्र आवाजासकट.

दुरुस्तीवाला_८९ | ११:०९
मग डिश सोडा, फणस सोडा. डब्याला उपग्रह मिळो न मिळो, डबा चालू आहे म्हटल्यावर स्वतःचा मेनू तरी दाखवणारच. मुंग्या हा टीव्हीच्या आतल्या ट्यूनरचा आवाज आहे, रिकाम्या हवेचा. म्हणजे डब्याचं चित्र टीव्हीत शिरलेलंच नाही. तीन रंगांची वायर कुठं लावली? पिवळी, पांढरी, लाल.

काजूवाला | ११:१४
ती अजून पिशवीतच आहे. टीव्हीला तसली भोकंच नाहीत. मागं एकच गोल, अँटेनाचं. डब्याला दोन गोल होती, एकात डिशची केबल, दुसऱ्यातून केबल काढून टीव्हीच्या गोलात दिली. बसली की बरोबर.

टिळकवाडीकर | ११:१६
अरे देवा. टीव्ही कितव्या सालचा?

काजूवाला | ११:१९
१९८७. बाबांनी काजूच्या पैशात घेतलेला, वीस इंची रंगीत, आठ बटणांचा. अजून रंग बघा एकदा येऊन.

निपाणी_फास्ट | ११:२०
"टीव्ही नेहमीचा" 🙏

दुरुस्तीवाला_८९ | ११:३३
आता कळालं. डब्यावरचं दुसरं गोल भोक हे "लूप आउट". डिशकडून आलेलं जसंच्या तसं पुढं दुसऱ्या डब्याला द्यायचं असतं त्याला. त्यातून येतं ते ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचं, आणि तुमच्या सत्त्याऐंशीच्या टीव्हीला तिथवर कान नाहीत. त्याला जुन्या मनोऱ्यासारखंच काहीतरी ऐकायला पाहिजे. त्यासाठी आरएफ मॉड्युलेटर लागतो. काडेपेटीच्या दुप्पट डबी असती. एका बाजूनं पिवळी-पांढरी घालायची, दुसऱ्या बाजूनं चॅनेल ३ नाहीतर ४ वर बाहेर पडतं. घरातल्या घरात एवढासा मनोराच तो.

न्यूजर्सीचे_आबा | ११:४०
पाच-सहा हजारात नवा एलईडी येतो. आईंना तो घ्या. मी निम्मे पैसे पाठवतो, खरेच.

काजूवाला | ११:४४
आबा, मनापासून आभार. गेल्या वर्षी एक आणला होता, तो ताईच्या घरी गेला. आई म्हणती हा तुझ्या बाबांनी आणलाय. विषय संपला.

लोंढा_जंक्शन | ११:५१
मॉड्युलेटर शोधत बसू नका. माळ्यावर जुना व्हीसीआर असेल तर त्याला मागनं एव्ही इन असतं आणि अँटेना आउट असतं. डबा त्यात, तो टीव्हीत. आम्ही पोरांचा व्हिडिओ गेम तसाच लावायचो.

काजूवाला | शनिवार, सकाळी ७:०५
माळ्यावर आहे! काकांनी कुवेतहून आणलेला. काढतो.

काजूवाला | ७:४८
काढला. उंदरांनी कॅसेटच्या दारात घर केलंय. मागं "आउट" आहे, "इन" कुठंच नाही.

दुरुस्तीवाला_८९ | ८:०२
तो व्हीसीपी. नुसता प्लेअर, रेकॉर्डिंग नाही, म्हणून आत घ्यायची सोय नाही. ठेवा वर परत, उंदरांना कशाला बेघर करता. खानापूरला जा, जुना टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा कुणीही म्हातारा माणूस गाठा, त्याच्या खोक्यात असणार. मोबाइलच्या दुकानात विचारू नका, तिथली पोरं तुमच्याकडं बघत बसतील. आणि घेताना पाल (पीएएल, आपल्याकडची टीव्हीची पद्धत) बघून घ्या, अमेरिकेकडचा एनटीएससी दिला तर चित्र आलं तरी आवाज येणार नाही.

काजूवाला | दुपारी २:२०
मिळाला. अडीचशे रुपये. तीन दुकानांत "अदु इल्ल री" (ते नाही हो) झालं, चौथ्या आजोबांनी खुर्चीखालचं खोकं ओढून काढून दिला, वर चहा पाजला. लावला. अजून मुंग्याच!! दोन वाजता जेवलोय, डोकं फिरलंय.

दुरुस्तीवाला_८९ | २:२६
बटणांच्या शेजारचं झाकण उघडा. आत आठ बारीक चाकं असतील आणि प्रत्येकाला बँडची खिट्टी. मॉड्युलेटर ३ वर ठेवा, टीव्हीचं एक बटण दाबा, त्याची खिट्टी पहिल्या बँडवर, आणि काडेपेटीची काडी तासून तिनं चाक हळू फिरवा. हळू म्हणजे हळू. डबा चालू ठेवून.

काजूवाला | ३:१०
आलं!!! निळा मेनू, अक्षरं सुवाच्य. आई म्हणाली, एवढ्यासाठी तीन दिवस?
पण चॅनेल एकपण नाही. स्ट्रेंथ ८२, क्वालिटी ०.

घाटमाथा | ३:१२
फांदी. सांगितलं होतं.

टिळकवाडीकर | ३:२५
स्ट्रेंथवर जाऊ नका, डिश भिंतीकडं केली तरी ती आकडा दाखवती, तो एलएनबीचाच (डिशसमोरच्या डबीचा) गोंगाट. क्वालिटी शून्य म्हणजे उपग्रह चुकला. डिश कुणाची बघून लावली?

काजूवाला | ३:२९
शेजारच्या पाटलांची. त्यांच्या समांतर अगदी, दोरी लावून.

टिळकवाडीकर | ३:४१
पाटलांची कंपनीची असणार. प्रत्येकाचा उपग्रह वेगळा, काहींचा ८३ अंशांवर आहे, त्यांच्या डिशा तुमच्यापेक्षा जास्त दक्षिणेकडं बघतात. फ्री डिश आहे जीसॅट-१५ वर, ९३.५ अंश पूर्व. आपल्या भागातून मोबाइलच्या होकायंत्रावर १२८ च्या आसपास, म्हणजे साधारण आग्नेय. उंची ६१ अंश. आता गंमत ऐका : ही डिश ऑफसेट असती, तिचं तोंड दिसायला बरंच खाली वाटतं, जवळजवळ ३७ वर. ती "खाली बघालीय" म्हणून वर उचलू नका, तिथंच सगळे फसतात. बोटाएवढं हलवा, पाच-सहा सेकंद थांबा, मग परत. डिजिटल चित्राला यायला वेळ लागतो, अँटेनासारखं हाताबरोबर येत नाही. आणि एलएनबी गळ्यात थोडा फिरवून बघा, आपल्याकडून तो उपग्रह खूप तिरका पडतो.

घाटमाथा | ३:४४
आणि ६१ अंश म्हणजे जवळजवळ डोक्यावर, म्हणजे फणस आडवा येत नाही हेही खरं. मागं घेतो.

काजूवाला | संध्याकाळी ६:३८
मी छपरावर, ताईचा पोरगा खिडकीत क्वालिटी ओरडायला, आई अंगणात उगाच "सावकाश" ओरडायला. ०, ०, ०, ३१, ०, ५८. बोल्ट आवळताना परत २० झाली, एक बोल्ट सोडून दुसरा आवळला, ६४ वर थांबलोय. स्कॅन केलं. सह्याद्री आलं. चंदनपण आलंय, देसूरकर.

देसूरकर | ६:४१
🙂

निपाणी_फास्ट | ६:४५
डबा एमपेग-२ (चित्र दाबून पाठवायची जुनी पद्धत) वाला का ४ वाला? २ वाला असेल तर सगळी चॅनेल लागत नाहीत, बदलून घ्या.

काजूवाला | ६:५२
तिसऱ्यांदा त्या दुकानात मी जाणार नाही.

काजूवाला | ७:३४
बातम्या बघून झाल्या. लक्ष्मी आजीच इकडं आल्यात, बॅटरी घेऊन. रंग जरा हिरवट आहे, ते चाक सापडलं नाही. सगळ्यांचे आभार, दुरुस्तीवाल्या काकांचे जास्त.

लोंढा_जंक्शन | ७:५०
जुना अँटेना काढला असाल तर मला द्या. बारा काड्यांचा असेल तर अ‍ॅल्युमिनियमचे चांगले पैसे येतात, नाहीतर मी गोवा पकडून बघतो.

टिळकवाडीकर | ७:५२
कुठलं गोवा, ते पण बंद झालंय.

काजूवाला | ८:०३
अँटेना राहणार. वाळवणाची दोरी त्याच पाइपाला बांधलीय, आई सोडू देत नाही.