मदत हवी आहे: बजेटच्या बैठकीत प्री-मॉर्टेम कसं घ्यावं?

वित्त विभाग सांभाळतो. व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या लेखकांच्या मुलाखती आम्ही टीममध्ये एकत्र ऐकतो. ऐकताना सगळे माना डोलावतात, पण महिनाअखेरीचं क्लोजिंग (महिन्याचे हिशेब बंद करणं) आलं की पुन्हा तीच एक्सेल शीट! म्हणून एकच गोष्ट उचलली: मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत मांडलेलं प्री-मॉर्टेम. योजना फसलीच आहे असं धरायचं, प्रत्येकाने आधी कारणं लिहायची, मग वाचून दाखवायची.

घोडं अडतं ते इथेच. पुढच्या वर्षीच्या विक्रीच्या अंदाजावर हे घेतलं, तर 'कच्चा माल महागला', 'व्याजदर वाढले' अशी बाहेरचीच कारणं आली. 'विक्री विभागाचा आकडा फुगवलेला होता आणि आपण तो तसाच पुढे पाठवला' हे कुणीच लिहिलं नाही. बैठक संपल्यावर जिन्यात मात्र दोघांनी नेमकं हेच सांगितलं.

निनावी चिठ्ठ्या करून पाहिल्या. टीम लहान, भाषेवरूनच माणूस कळतो. मी सगळ्यात शेवटी बोलायला लागलो, त्याने थोडा फरक पडला. आकडे गोपनीय असल्यामुळे बाहेरचा सल्लागार आणता येणार नाही. वेळ तासाभराचा, आणि बजेट संचालक मंडळाकडे जाण्याआधी हे उरकायला हवं.

प्रत्यक्ष करून पाहिलेल्यांनी सांगा (पुस्तकांची यादी नको, ती भरपूर आहे): मी खोलीत थांबावं की नाही? आणि विक्रीवाल्यांना सुरुवातीपासून सोबत बसवावं, की आधी आमचं आम्ही करून मग त्यांच्यापुढे ठेवावं?