मदत हवी आहे: उंचीवर घड्याळ दाखवतं तो श्वसनदर खरा धरायचा का?

धागाकर्ता

नुकताच ३,६०० मीटरवर चार रात्री राहून आलो. पुढच्या खेपेला मुक्काम ४,३०० मीटरपर्यंत न्यायचा आहे, पण त्याआधी मनगटावरच्या फिटनेस घड्याळाचं एक कोडं सुटत नाहीये.

घरी झोपेतला माझा श्वसनदर मिनिटाला १४, फार तर १५. वर्षभर तो जागचा हललेला नाही. वर पहिल्या रात्री आला १८. दुसऱ्या रात्री १५. तिसऱ्या रात्री आकडाच नाही, नुसती रेघ. चौथ्या रात्री १६. तो १५ बघून मी खूश, म्हटलं शरीर रुळलं! तेवढ्यात तंबूतला मित्र म्हणाला, "अरे, रात्रभर तुझा श्वास थांबत होता. दोनदा हलवून बघितलं तुला."

पहिल्या संध्याकाळी डोकं जड होतं, सकाळपर्यंत उतरलं. खोकला नाही, बसल्या जागी धाप नाही.

मग खरं कोण, घड्याळ की मित्र? रेघ का आली? आणि वर चढायचं की थांबायचं हे या आकड्यावरून ठरवता येईल का?

चढउतार

मित्र खरा. त्याला पुढच्या वेळीही न्या, फक्त कानात घालायला बोळे द्या.

स्टेथोस्कोप

दोघंही खरे आहेत, गंमत तीच आहे.

उंचीवर प्राणवायू कमी पडला की मानेतल्या धमन्यांजवळचे संवेदक श्वास वाढवायला लावतात. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो. पण झोपेत श्वासाची दोरी मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्याच हातात असते. तो एका मर्यादेखाली गेला की मेंदू श्वास घ्यायला सांगतच नाही. काही सेकंद सगळं शांत. मग प्राणवायू घसरतो, कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि पुन्हा भराभर श्वास. याला आवर्ती श्वसन म्हणतात. इटलीचे शरीरशास्त्रज्ञ अँजेलो मोसो यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस आल्प्समधल्या मोंते रोझावर त्याच्या नोंदी घेतल्या होत्या. ३,००० मीटरच्या वर धडधाकट माणसांतही ते सर्रास दिसतं.

आता हिशोब करा. समजा १५ सेकंदांत ६ श्वास, मग ९ सेकंद काहीच नाही. म्हणजे २४ सेकंदांत ६ श्वास, मिनिटाला बरोबर १५. घड्याळाने सरासरी चुकीची काढलेली नाही, पण त्या रात्री त्या सरासरीला अर्थच नव्हता.

धागाकर्ता

बाप रे. म्हणजे ज्या रात्री श्वास सर्वांत विचित्र, त्याच रात्री आकडा सर्वांत देखणा! आणि ती रेघ?

पट्टा_आणि_पावलं

सेन्सरच्या बाजूने सांगतो. बरीच घड्याळं श्वास थेट मोजत नाहीत. श्वास आत घेताना नाडी किंचित वेगावते, सोडताना मंदावते. हिरव्या प्रकाशाने नाडी पकडायची आणि त्या चढउतारावरून श्वास ओळखायचा, अशी पद्धत. (ॲपल वॉच झोपेतला दर मनगटाच्या बारीक हालचालींवरून काढतं, तो वेगळा मार्ग.) उंचीवर नाडी मुळातच जलद होते आणि हा चढउतार दबतो. त्यात थंडीने मनगटाचा रक्तपुरवठा आकसतो. तुम्ही सारखे कूस बदलत असाल तर संपलंच. भरवशाचा सिग्नल मिळाला नाही की चांगलं घड्याळ गप्प बसतं. मी तर म्हणेन, तुमच्या चार रात्रींतली सर्वांत प्रामाणिक नोंद ती रेघच.

पट्टा थोडा वर, मनगटाच्या हाडापासून दोन बोटं सरकवा आणि हात पांघरुणात ठेवा. फरक पडेल.

चढउतार

पण कल तरी उपयोगी ना? १८ वरून १५ म्हणजे रुळल्याची खूण?

स्टेथोस्कोप

नाही. सुरुवातीला शरीर श्वासांची संख्या वाढवण्यापेक्षा एकेक श्वास खोल करतं, आणि खोली या आकड्यात येत नाही. शिवाय रुळणं म्हणजे श्वास घरच्यासारखा होणं नव्हे, तो वाढलेलाच राहतो. मूत्रपिंडं बायकार्बोनेट (रक्तातला अल्कधर्मी घटक) बाहेर टाकून त्याला वाट करून देतात, त्याला काही दिवस जातात.

निर्णय लक्षणांवर घ्या. उंचीचा त्रास मोजायच्या लेक लुईझ गुणांकनात डोकेदुखी, मळमळ, थकवा आणि चक्कर यांना प्रत्येकी ० ते ३ गुण. डोकेदुखी आहे आणि बेरीज ३ किंवा जास्त, तर विरळ हवेचा त्रास समजून वर जायचं नाही. २०१८ च्या सुधारणेत झोपेचा प्रश्न त्यातून काढूनच टाकला, कारण वाईट झोप उंचीवर कुणालाही लागते. ३,००० मीटरनंतर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. बसल्या जागी धाप, वाढता खोकला किंवा सरळ रेषेत टाचेला बोटं लावून चालता न येणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी खाली उतरायचं. तेव्हा घड्याळ काय म्हणतं ते बघूच नका.

ॲसिटाझोलामाइड या औषधाने आवर्ती श्वसन कमी होतं, पण ते तुम्हाला चालेल का हे डॉक्टरांना प्रत्यक्ष विचारा. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

धागाकर्ता

आभार. लक्षणांची वही सुरू करतोय, आणि सकाळी उठल्यावर छातीवर हात न ठेवता मित्राकडून पूर्ण ६० सेकंद श्वास मोजून घेणार. तो म्हणतोय, रात्री जागा राहायचे पैसे वेगळे.